आधी ओळ, मग आकडा

सी भाषा शिकताना इनपुट वाचणारं स्कॅनएफ पहिल्याच आठवड्यात भेटतं आणि त्याबरोबर एक गैरसमजही पक्का बसतो, की वापरणारा आकडा टाइप करतो. तो टाइप करतो ओळ. एंटर दाबेपर्यंत टर्मिनल सहसा ती आपल्याजवळच ठेवतं, बॅकस्पेसने खोडू देतं आणि मग एंटरसकट प्रोग्रामच्या हवाली करतं. स्कॅनएफमध्ये आकडा वाचणाऱ्या टक्का-डीला मात्र ओळ कळतच नाही. आकड्याआधीचे स्पेस, टॅब, एंटर तो सारखेच गिळतो. वय विचारल्यावर कुणी मराठी कीबोर्डवरून ‘१२’ लिहिलं, तर यूटीएफ-८मध्ये त्यातला एकेक अंक तीन बाइटांचा असतो. टक्का-डी पहिल्याच बाइटला अडतो आणि काही न उचलता परत फिरतो. (पायथॉनचा इंट हेच १२ बिनतक्रार घेतो.) न उचललेला मजकूर बफरमध्ये तसाच पडून राहतो, चुकल्यावर पुन्हा विचारणारं लूप त्याच्यावरच आदळतं आणि पडदाभर ‘वय सांगा, वय सांगा’ सुरू होतं.

स्कॅनएफ किती किमती भरल्या ते परत सांगतं, तेवढं तपासलं की झालं, असं जाणकार म्हणतील. तपासावंच, पण त्याने चूक कळते, चुकीची ओळ हटत नाही. ती हटवायला अनेक वर्गांत बफर रिकामा करणाऱ्या एफफ्लशला स्टडइन, म्हणजे इनपुटचा प्रवाह, द्यायला शिकवतात. सीच्या मानकात एफफ्लश आउटपुटसाठी आहे; इनपुटवर काय होईल याची हमी मानक देत नाही. टक्का-डीला इंटमध्ये न मावणारा आकडा मिळाला तरी तीच गत, काय होईल याची हमी नाही. त्यापेक्षा एफगेट्सने अख्खी ओळ घ्यावी आणि मजकुरातून आकडा काढणाऱ्या स्ट्रटोलकडे द्यावी. आकडा कुठे संपला आणि तो लाँगमध्ये मावला का, दोन्ही ते सांगतं; इंटची मर्यादा मग आपण तपासायची. चुकलं तर ओळ टाकून पुन्हा विचारता येतं. ओळ बफरपेक्षा लांब निघाली तर उरलेली वाचून टाकावी लागते, एवढं काम वाढतं खरं. पण ओळ घेताना बफरची मर्यादा न पाहणाऱ्या गेट्स या जुन्या फंक्शनचा फायदा १९८८मध्ये मॉरिस वर्म या इंटरनेटवर पसरलेल्या प्रोग्रामने फिंगर या नेटवर्क सेवेत घुसायला घेतला होता, आणि २०११च्या मानकातून गेट्स काढूनच टाकलं. लांबी न सांगता वापरलेला, स्कॅनएफमध्ये शब्द वाचणारा टक्का-एस त्याच जातीचा आहे, तो मात्र अजून पाठ्यपुस्तकांत सुखाने नांदतो.

स्पर्धांतल्या प्रोग्रामिंगमध्ये स्कॅनएफ चालतं, कारण तिथला इनपुट ठरलेल्या साच्यात येतो. माणसाच्या बोटांकडून तशी अपेक्षा धरता येत नाही. शिकवणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात एफगेट्सच द्यावं. स्कॅनएफ फाइलींच्या धड्यापर्यंत थांबू शकतं.