'नटसम्राट'नंतर काय?

नाटक वाचू लागणाऱ्याला पहिले पुस्तक निवडावे लागत नाही. अभ्यासक्रम किंवा कीर्ती ते हाती देते. खरा पेच दुसऱ्या पुस्तकाचा. जालन्यातील आमच्या लहानशा वाचनमंडळात शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) वाचून झाले आणि दोन तट पडले. काहींना इतिहासक्रमाने, किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून (१८८०) जायचे होते. काहींना थेट तेंडुलकरांकडे. अखेर आम्ही देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९) घेतले.

एक कारण भाषेचे. देवलांचे संवाद बोलते आहेत. पदांच्या चाली ठाऊक नसल्या तरी ती मोठ्याने वाचता येतात. दुसरे कारण आमच्या मुलखाचे. मुलीच्या विवाहाचे किमान वय १९२९च्या कायद्याने १४ ठरवले. तो 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला, तो मात्र हरबिलास सारडा यांच्यामुळे, नाटकामुळे नव्हे. आज ते वय १८ आहे. तरीही आमच्या जिल्ह्यात बालविवाह थांबलेले नाहीत.

म्हणूनच वाचताना आम्ही अडखळलो. वृद्ध भुजंगनाथाला मुलगी देणारा कांचनभट लोभी आहे. त्याचा राग करणे सोपे. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघणाऱ्या जोडप्याला वयात आलेली मुलगी मागे ठेवण्याची धास्ती असते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्याने मुलीचे लग्न म्हणजे आणखी एक कोयता. हा बाप कांचनभटाच्या साच्यात बसत नाही.

शिवाय, शारदेचे लग्न मोडते ते सगोत्रतेच्या मुद्द्यावर. तिला ते नको आहे, म्हणून नव्हे. शास्त्राची अडचण निघाली नसती तर? मंडळातील एका विद्यार्थिनीने हे विचारले तेव्हा आम्हापैकी कुणापाशीच उत्तर नव्हते. देवलांच्या थोरवीला याने बाध येत नाही. उलट आमचे वाचन तिथून सुरू झाले, असे आम्हांस वाटते.

त्या प्रश्नानेच पुढचे नाटक सुचवले : 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तिथे लीला बेणारे अखेर मनातले सारे बोलते, पण भोवतालच्यांपैकी एकालाही ते ऐकू जात नाही. म्हणजे तेंडुलकर आमच्या यादीत आलेच, पण शारदेच्या वाटेने. नवख्या वाचकाला यापलीकडे यादी द्यावी, असे आम्हांला वाटत नाही. हातातल्या नाटकाने जे अनुत्तरित ठेवले, त्याचा माग काढत पुढचे घ्यावे.