मांजराला एकादशी नाही

तात्यांना मांजरं आवडत नाहीत. गॅलरीत आमचा बाळू आडवा आला की चप्पल आपटून त्याला हुसकायचे. नोकरी मात्र सगळी जनावरांत गेलेली. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे कागदोपत्री बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात, ते वॉर्डात मदतनीस होते. व्हिक्टोरियाचे घोडे, गाडीचे बैल, संक्रांतीला मांज्यानं पंख कापलेल्या घारी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. ‘घोडा ओळख ठेवतो, बैल ठेवतो. मांजर ठेवत नाही,’ हे त्यांचं मत. ते अजूनही बदललेलं नाही.

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्याच मजल्यावर होती. बोलणं गणपतीच्या वर्गणीपुरतं. बाळूची लघवी तुंबली नसती तर ते तेवढंच राहिलं असतं.

बोक्याची मूत्रनलिका लांब आणि फार अरुंद असते. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं बूच तिच्यात बसलं की लघवी आतच साचते, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. दादरच्या डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, सलाइन लावलं आणि त्याला वाचवलं. उत्तम डॉक्टर. त्यांचं बिल मी भरलं, ते देणं फिटलं.

खरी परीक्षा घरी आणल्यावर सुरू झाली. गळ्यात प्लॅस्टिकचा कोन, पुढच्या पायावर सलाइनसाठी भादरलेला चौकोन, अंगाला औषधांचा वास. बाळू कॉटखाली भिंतीकडे तोंड करून बसला. खाणं बंद. मधूनच बाहेर यायचा, वाळूत बसायचा, कळा द्यायचा, ओरडायचा आणि कोरडाच उठायचा. नळी काढल्यावर आतली जागा सुजलेली असते, त्यामुळे मूत्राशय रिकामं असतानाही कळ येते. पुन्हा तुंबायची भीती असते तीही याच दिवसांत. वरून दोन्ही सारखंच दिसतं. मध्यरात्री हे कसं ओळखायचं, या काळजीनं माझी झोप उडाली.

अशाच एका रात्री दार वाजलं. गंजिफ्रॉकवर तात्या उभे. “बाय, त्या मांजराचा आवाज ऐकून मला झोप नाही. आण बघू इकडे.” त्यांनी बाळूला टॉवेलात गुंडाळलं, मांडी घालून बसले आणि पोटाखालून हात घातला. “मऊ आहे. तुंबलेलं नाही, आग होतेय नुसती. तुंबलं की मोसंब्यासारखं टणक लागतं.” मग माझा हात धरून तिथे नेला. दाबायचं नाही, नुसतं चाचपायचं, हे त्या दिवशी शिकले. कळा देणारा बोका समोर असतानाही त्यानंतर मला झोप लागू लागली.

पुढे रोज सकाळी आमच्या गॅलरीत एक प्रयोग व्हायचा. वाळूत लघवीचे जे गोळे व्हायचे ते मी वर्तमानपत्रावर मांडायचे आणि तात्या चष्मा चढवून तपासायचे. गोळा लिंबाएवढा की सुपारीएवढा, रंग लालसर आहे का, काल किती होते. शेजारणी नाकाला पदर लावून जायच्या. एवढा खर्च मांजरावर कशाला, असं एकीनं विचारलंच. तात्यांनी तिला विचारलं, “तुमच्याकडे मागायला आलीय का ती?”

खाण्याचा प्रश्न जास्त अवघड होता. मांजर, त्यातून लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते, आणि मूळ आजार बरा होऊनही ते त्यानं जाऊ शकतं. तात्यांच्या भाषेत, “मांजराला एकादशी चालत नाही.” डॉक्टरांनी दिलेलं पथ्याचं खाणं बाळू हुंगतही नव्हता. तात्यांनी ते कोमट करायला लावलं. गरम झाल्यावर वास सुटतो, आणि मांजर आधी नाकानं जेवतं. तेवढ्यानं भागलं नाही तेव्हा डॉक्टरांना फोनवर विचारून मीठ न घालता उकडलेल्या मांदेलीचं पाणी त्यात घातलं. तरीही तो वळेना, तेव्हा सिरिंज. ती समोरून नाही, गालाच्या कडेनं, थेंबथेंब, प्रत्येक वेळी गिळल्याची खात्री करून. नाहीतर अन्न फुप्फुसात जातं. गोळी दिली की मागून थोडं पाणी, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. बाळूनं त्यांचे दोन्ही हात ओरबाडले. तात्या त्यावर हळद दाबायचे आणि “कृतघ्न” म्हणून परत सिरिंज भरायचे.

ते ओरडले एकदाच. बाळूचं अंग तापलं होतं आणि समोरच्या काकूंनी मायेनं पॅरासिटामॉलची अर्धी गोळी आणून दिली होती. तात्यांनी ती माझ्या हातातून घेऊन मोरीत टाकली. मांजराच्या यकृताला हे औषध नीट पचवता येत नाही. रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं आणि हिरड्या तपकिरी पडतात. माणसाच्या तापाची एक गोळी मांजराचा जीव घेते. काकू बिचाऱ्या रडल्या. तात्या संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जाऊन बसले.

बाळूनं आपणहून बशीत तोंड घातलं त्या दिवसापासून तात्यांचं येणं थांबलं. मी पेढे घेऊन गेले. त्यांनी एक उचलला आणि डबा परत केला. पैशाचा विषय काढायची हिंमतच झाली नाही.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा तात्या गावी, चिपळूणकडे गेले. मी फोन करते. माझी तब्येत ते विचारत नाहीत, “मुततो ना नीट?” एवढंच विचारतात. त्यांच्याबद्दल लिहितेय असं सांगितलं तर म्हणाले, माझं कौतुक नको, कामाचं ते लिही. म्हणून लिहिते: घरात बोका असेल आणि तो वाळूत पुन्हा पुन्हा बसून कोरडाच उठत असेल, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. रात्रीच डॉक्टर गाठा.