नायट्रससाठी इंजिनाची बांधणी

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. तो ऑक्सिजन पुरवतो. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत तो २३ टक्केच. इंजिनातल्या उष्णतेने वायूचा रेणू फुटला की ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्या मापाने जादा पेट्रोल जाळता येते. शिवाय नायट्रस बाटलीत द्रवरूपात असतो; तो बाहेर पडताच उकळतो आणि आत येणारी हवा थंड व दाट करतो.

जादा पेट्रोल जाळले की ताकदीबरोबर इंजिनावरचा ताणही वाढतो, म्हणून बांधणीआधी ठरवायचे ते शॉटचे माप, म्हणजे नायट्रसने किती अश्वशक्ती वाढवायची. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगमध्ये रुळलेल्या शेवरोलेच्या ३५० क्यूबिक इंची व्ही-८ मध्ये मूळ कास्ट पिस्टन असतील, तर १००-१५० अश्वशक्तीपलीकडे जाणे धोक्याचे मानले जाते.

नायट्रसचा प्रवाह जेटच्या छिद्रावर ठरतो, इंजिनाच्या वेगावर नाही. ६,००० आरपीएमला प्रत्येक फेरीत जेवढा वायू मिळतो, त्याच्या दुप्पट ३,००० ला मिळतो. कमी वेगात सिलिंडरमधला दाब भयंकर चढतो तो यामुळे. नायट्रस साधारण ३,००० आरपीएमनंतर आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच सोडतात. तरीही दाबाचा घाव हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या बेअरिंगवर बसतोच. मोठ्या शॉटला फोर्ज्ड क्रँक व रॉड, चार बोल्टच्या मेन कॅप आणि हेडला बोल्टऐवजी स्टड हवेत.

पण खरी परीक्षा पिस्टनची, आणि पैसा आधी तिथेच घालावा. हायपरयूटेक्टिक या कास्ट प्रकारच्या पिस्टनमध्ये सिलिकॉन भरपूर; तो कमी फुगतो, पण ठिसूळ असतो. त्याच्या माथ्यावरची उष्णता वरच्या रिंगला तापवते, रिंग लांबते, तिची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड तुटून निघते. फोर्ज्ड पिस्टनमध्ये ४०३२ मिश्रधातू मध्यम शॉटला पुरतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतो. तो जास्त फुगतो, त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडरमधला क्लिअरन्स वाढवावा लागतो आणि थंड इंजिन खडखडते. पण नॉकिंगचा मार सोसण्यात तोच सरस. वरची रिंग माथ्यापासून खाली असावी. तिच्या टोकांमधला गॅप बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) दर इंचाला ०.००५ ते ०.००७ इंच, म्हणजे ४ इंची बोअरला ०.०२० ते ०.०२८ इंच.

पंपावरच्या पेट्रोलवर चालवायचे तर कॉम्प्रेशन रेशो १० च्या आसपास बरा. जळालेला वायू वाढतो, म्हणून कॅममध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडा ठेवतात.

ज्वलन वेगवान झाल्याने दर ५० अश्वशक्तीमागे इग्निशन टायमिंग सुमारे २ अंश मागे घ्यावे लागते. प्लग एक-दोन पायऱ्या थंड, गॅपही कमी. पेट्रोलचा पुरवठा क्षणभर तुटला आणि नायट्रस चालू राहिला, तर पिस्टन वितळतो. त्यामुळे इंधनाचा दाब घसरताच नायट्रस बंद करणारा स्विच लहान शॉटलाही बसवावाच.