एका सिलिंडराचा संसार

मोटारसायकलीची शक्ति वाढवावयास निघालेल्या तरुणाच्या मनांत एक गोड श्रद्धा असते. मोठा कार्बुरेटर, मोकळा सायलेन्सर आणि उंच घुमटाचा पिस्टन एवढें साहित्य जमलें, कीं अश्वशक्तीचे घोडे आपण होऊन तबेल्यांत चालत येतील, असें त्याला वाटत असतें. माझ्या एका विद्यार्थ्यानें याच श्रद्धेनें मला विचारलें होतें, "सर, एका सिलिंडरांतून शक्ति काढावी तरी किती?" यंत्रविद्या हा कांहीं माझा प्रांत नव्हे. पण या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत एका माणसानें आपलें उभें आयुष्य वेंचलें आहे, आणि त्याची कथा मला अनेक विद्वानांच्या चरित्रांहून अधिक जवळची वाटत आली आहे.

एंजिन हें श्वासोच्छ्वास करणारें यंत्र आहे. जितकी हवा आंत जाईल, तितकेंच पेट्रोल नीट जळेल. म्हणून शक्ति कमावण्याच्या वाटा मोजून तीन: प्रत्येक श्वास भरगच्च घ्यावा, आंत आलेलें मिश्रण अधिक दाबावें, किंवा मिनिटाला अधिक श्वास घ्यावे. मात्र या तिन्ही वाटांवर जकातनाका आहे. हवेचा मार्ग फार रुंद केला, तर सावकाश चालतांना तिचा वेग मंदावतो आणि गाडी गर्दींत धाप लागल्यासारखी अडखळते. दाब अति वाढविला, तर ठिणगीची ज्वाला पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें आणि पिस्टनला भोंकही पडूं शकतें. फेरे वाढविले, तर पिस्टनावरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. फेरे सव्वापट होतांच ताण दीडपटीच्या पुढें जातो.

हा तिहेरी कर चुकवीत ज्यांनीं आयुष्य काढलें, ते उत्तर आयर्लंडचे जो क्रेग. १९३० च्या आसपासपासून १९५५ पर्यंत, मधला युद्धकाळ सोडला तर, नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या गाड्या त्यांच्याच देखरेखीखालीं तयार होत. ५०० घन सेंटिमीटरच्या त्या एंजिनांत पिस्टनाची धांव बराच काळ १०० मिलिमीटर असे. मिनिटाला ६,००० फेरे घेतांना असा पिस्टन सेकंदांत २०० वेळां थांबतो, २०० वेळां उलट फिरतो, आणि अर्धा लिटर हवा ओढून घ्यावयास त्याला सेकंदाचा जेमतेम दोनशेंवा भाग मिळतो. या क्षणार्धाच्या सेवेंत क्रेग वर्षानुवर्षें खपले.

तिकडे इटलींत जिलेरा कंपनीनें तेवढेंच घनफळ चार सिलिंडरांत वांटून टाकलें. धांव ५८ मिलिमीटरवर आली, पिस्टन हलके झाले. पिस्टनाचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे नॉर्टनइतकाच, ठेवला तरी फेरे १०,००० च्या पलीकडे जातात. हें गणित कोणाच्याही कौशल्यानें खोडतां येण्यासारखें नव्हतें.

आणि तरीही १९५० सालीं नॉर्टनचें नशीब पालटलें. गंमत अशी, कीं तें एंजिनामुळें नव्हे. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनीं आखलेला नवा सांगाडा त्या वर्षीं गाडीला मिळाला, आणि वळणावरची डळमळ थांबली. जेफ ड्यूक त्याच वर्षीं मॅन बेटावरची सीनियर टीटी जिंकले. १९५१ सालीं ५०० च्या वर्गाचें जागतिक अजिंक्यपदही त्यांनीं मिळविलें. सरळ रस्त्यावर चार सिलिंडरांना दिलेलें अंतर एका सिलिंडरानें वळणांवर भरून काढलें. पण गणित फार काळ थोपवून धरतां येत नाहीं. १९५३ सालीं स्वतः ड्यूकच जिलेराकडे गेले, आणि तेथें लागोपाठ तीन वर्षें अजिंक्य ठरले.

क्रेग यांची ही निष्ठा म्हणावी कीं हट्ट? चार सिलिंडर मिळण्यासारखे असतांना एकालाच कवटाळून बसणें हा हट्टच होय, हें मला मान्य आहे. परंतु आपल्यापैकीं बहुतेकांच्या पदरांत एकच सिलिंडर पडतो: एकच बुद्धि, एकच प्रकृति आणि घरांत येणारा एकच पगार. पन्नाशी उलटल्यावर तर फेरे वाढविण्याची हौस शरीरच आवरतें. मग आपल्या हातीं उरतें, तें श्वासाची वाट मोकळी ठेवणें, व्यर्थ घर्षण टाळणें आणि वळणावर तोल सांभाळणें. शक्ति तेवढीच राहते, पण वाया जात नाहीं. आणि मनुष्य घरीं वेळेवर पोंचतो.

क्रेग १९५७ सालीं निवर्तले. त्यानंतर बारा वर्षांनीं, १९६९ सालीं, युगोस्लाव्हियांतील ओपातिया येथें जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेंतली ५०० ची शर्यत गॉडफ्रे नॅश यांनीं जिंकली, ती एकसिलिंडरी नॉर्टनवरच. त्या वर्षींचे अजिंक्यवीर आगोस्तिनी त्या दिवशीं शर्यतींत नव्हते, हें खरें. पण जो हजर राहतो आणि शेवटपर्यंत चालत राहतो, त्याचाही जय कांहीं खोटा नसतो.