मामाची वाकडी सळई

आमच्या वर्गात कुणी क्रिकेट खेळतो, कुणी कॅरम. मी गोल्फ खेळतो असे सांगितले की कँटीनच्या पोऱ्यापासून सरांपर्यंत सगळे आधी माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहतात. त्यांचेही खरेच आहे. गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ! पण साहेबाची पिशवी उचलणारा कुणीतरी लागतोच. आमच्या चेंबूरच्या मैदानावर तो कुणीतरी म्हणजे माझा मामा. तीस वर्षे तो कॅडी आहे, आणि सुट्टीत मीही त्याच्याबरोबर पिशव्या उचलतो.

कॅडीच्या पोरांचा गोल्फ वस्तीतच सुरू होतो. बांधकामावरची लोखंडी सळई एका टोकाला वाकवायची, दुसऱ्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळायची, की झाली स्टिक. चेंडू प्लॅस्टिकचा, होल म्हणजे गटाराच्या कडेचा खड्डा. आमची गल्ली इतकी अरुंद की हात पुरता फिरवायला जागाच नाही. त्यामुळे मामाचा फटका आजही आखूड, कोपर दुमडलेले आणि शेवटी एक विचित्र हिसका. पुस्तकात छापावा असा मुळीच नाही.

मला मात्र पुस्तकातलाच हवा होता. वर्षभर मी मोबाइलवर मोठमोठ्या खेळाडूंचे फटके पाहिले. डावा हात ताठ, डोके स्थिर, खांदे नव्वद अंशांत. धाकट्या भावाला समोर उभे करून मी माझे चित्रण करवून घेई आणि रात्री ते सावकाश चालवून चुका मोजीत बसे. (एवढ्या आस्थेने भाषाशास्त्र वाचले असते तर... असो!) फटका देखणा झाला. मग कॅडींची स्पर्धा जाहीर झाली आणि मामाने, मला न विचारता, माझे नाव दिले. दिवाळीच्या बक्षिशीतून माझ्यासाठी जुने गोल्फचे बूटही आणले. शिवाय ‘भाचा बघा आता’ असे तो सगळ्यांना सांगत सुटला.

तळ्याजवळ घात झाला. चेंडू पाण्यापलीकडे टाकायचा होता. वारा समोरून. सात नंबरचे आयर्न घेऊन मी उभा राहिलो, हात मागे नेला, आणि नेमके तेव्हाच वाटले, सहा नंबर घ्यायला हवे होते. हात थांबले नाहीत, नुसते कचरले. चेंडू डुबकन पाण्यात! पुढचाही तिथेच. नंतरच्या होल्सवर काय झाले ते सांगण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी भावाने केलेले चित्रण मी मामाला दाखवले. चूक सापडेना, म्हणून. त्याने ते दोनदा पाहिले.

“सगळं बरोबर आहे रे,” तो म्हणाला. “फक्त तू मारलाच नाहीस.”

मला राग आला. तीस वर्षे पिशव्या उचलणाऱ्याने मला शिकवावे? (हे मनात आले, हे लिहिताना लाज वाटते.) पण चेंडू आणि स्टिक यांची गाठ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकीही टिकत नाही. तेवढ्यात काय सुधारणार? जे ठरवायचे ते आधीच ठरलेले असावे लागते.

स्पेनमधल्या पेद्रेन्या गावचा सेव्हे बायेस्तेरोस मामाचा लाडका. तोही लहानपणी कॅडीच. किनाऱ्यावरच्या वाळूत एका जुन्या तीन नंबरच्या आयर्नने नाना तऱ्हेचे फटके शिकलेला. 1979 च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल लिदमला, अखेरच्या दिवशी सोळाव्या होलवर त्याचा चेंडू मोटारी उभ्या केलेल्या जागेत गेला. तिथूनही त्याने बर्डी साधली आणि बाविसाव्या वर्षी स्पर्धा जिंकली. अमेरिकेच्या जिम फ्युरिकचा फटका तर वाटेत गिरकी घेतो. त्याच फटक्याने त्याने 2016 मध्ये 58 फटक्यांत फेरी संपवली. पीजीए टूरवर त्याआधी इतकी कमी धावसंख्या, चुकलो, फटकेसंख्या कुणाचीच नव्हती. अर्थात या दोघांनी चेंडू किती हजार वेळा मारला असेल, तेही विसरून चालणार नाही. मामानेही मारलाच आहे, फक्त त्याचे चित्रण कुणी केले नाही.

चार दिवसांनी मामाने माळ्यावरची ती जुनी सळई काढली आणि मला गल्लीत उभे केले.

“मोबाइल ठेव. डोळे मिट. कुठं मारायचाय ते आधी ठरव, मग मार.”

मी मारला. हातांत एक बारीक झिणझिणी आली.

“डोळे उघडू नकोस. कुठं गेला?”

“डावीकडे,” मी म्हणालो. “जरा जास्तच.”

तेवढ्यात समोरच्या काकू ओरडत बाहेर आल्या. चेंडू त्यांच्या पाण्याच्या पिंपात पडला होता. त्यांचे पिंप डावीकडेच असते.

“कळला ना हाताला?” मामा हसत म्हणाला. “जा, काकूंची माफी माग आणि चेंडू घेऊन ये.”