मोहिनी फक्त तासाभराची!

दोन शब्द पुटपुटले आणि समोरचा माणूस आपल्या बाजूने झाला, असं घडलं तर? टार्गेटमागे धावणाऱ्या आपल्यासारख्यांचं हे लाडकं स्वप्न. मी ते दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना जगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीने १९७४ मध्ये आणलेला हा खेळ. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि भरपूर गप्पा, बस्स!

माझी जादूगारीण त्यात 'चार्म पर्सन' हा मंत्र टाकते. समोरच्याचा फासा कमी पडला, की तो फसला. पण थांबा, तो काही गुलाम होत नाही. तुम्हाला ओळखीतलं चांगलं माणूस समजतो, इतकंच. त्याला इजा केलीत, की मोहिनी तुटली. २०१४ च्या नियमांप्रमाणे तिची मुदत एक तास. आणि खरी मेख पुढेच आहे. तास संपला, की आपल्यावर मंत्र टाकला होता आणि तो कुणी, हे त्याला पक्कं कळतं.

'सजेशन' त्याहून वरचा मंत्र. तो आठ तासांपर्यंत टिकतो. अट एकच, सांगितलेली गोष्ट ऐकायला वाजवी वाटली पाहिजे. साहित्य काय, तर सापाची जीभ आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा. आमच्या क्लायंट मीटिंगची रेसिपी यांना कुणी दिली कोण जाणे!

हे सगळं मला आठवलं ते बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऑपरेशनचं नाव काढलं, की बाबा पेपर तोंडापुढे धरणार. ताईने आयडिया काढली, "नुसतं चेकअप आहे म्हणून नेऊ. तिथे गेल्यावर डॉक्टर बघतील." ऐकायला अगदी वाजवी. शुद्ध 'सजेशन'!

मी नाही म्हटलं. ताई चिडली. "मग त्यांना आंधळं होऊ द्यायचं का?" प्रश्न खरा होता. पण डोळे दोन होते ना! पहिल्या डोळ्याची पट्टी निघेल, तेव्हा मोहिनीही उतरलेली असेल. मग दुसऱ्या डोळ्यासाठी आमच्यावर विश्वास कोण ठेवणार? आणि त्यानंतरच्या प्रत्येक गोळीसाठी, प्रत्येक सहीसाठी?

म्हणून मी त्यांच्यासमोर बसून सगळं सरळ सांगितलं. काय करतात, किती वेळ लागतो, न केलं तर काय होईल. बाबा चार दिवस गप्प होते. तेव्हा माझाही धीर सुटत चालला होता, खोटं कशाला बोलू? पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "ऑपरेशन चालू असताना तू बाहेरच थांबशील ना?"

हो म्हणायला मला कुठलाच मंत्र लागला नाही.