न परतणाऱ्यांचे पासवर्ड

संपादकांनी लेख मागितला तेव्हा एकच अट घातली होती: तांत्रिक होऊ देऊ नका. ती कितपत पाळता येईल याची मला खात्री नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेले लोकांचे पासवर्ड नव्या, भक्कम पद्धतीवर आणणं हे माझं काम. त्यातला एक वाद गेले काही महिने डोक्यातून जात नाही, आणि तो तपशिलात शिरल्याशिवाय सांगता येत नाही.

सुरुवात एका गैरसमजापासून करते. पासवर्ड ‘एन्क्रिप्ट करून’ ठेवतात असं बातम्यांत लिहितात. एन्क्रिप्ट केलेली गोष्ट किल्ली लावून परत उघडता येते. पासवर्ड तसा ठेवायचाच नसतो. त्याचा हॅश करायचा, म्हणजे गणिती प्रक्रियेतून त्याचं असं रूप करायचं की दळलेल्या पिठाची जशी पुन्हा ज्वारी होत नाही, तसा त्या रूपावरून मूळ पासवर्ड मिळू नये. तुम्ही लॉगिन करता तेव्हा टाइप केलेलं पुन्हा त्याच प्रक्रियेतून जातं आणि दोन हॅश जुळतात का, एवढंच पाहिलं जातं. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर एखाद्या संकेतस्थळाने तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलवर पाठवला, तर त्यांनी तो हॅश केलेला नाही हे नक्की समजा.

मग चोर काय करतो? तो अंदाज करतो. नेहमीचे पासवर्ड, नावं, तारखा घेऊन त्यांचे हॅश काढतो आणि चोरलेल्या यादीशी ताडून बघतो. म्हणून हॅश मुद्दाम सावकाश निघायला हवा. हे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ सालीच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या युनिक्समधल्या पद्धतीत एकच प्रक्रिया २५ वेळा फिरवली जाई, आणि प्रत्येक पासवर्डात ४०९६ पर्यायांपैकी एक यादृच्छिक ‘सॉल्ट’ मिसळला जाई, म्हणजे दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी हॅश सहसा वेगळे येत. त्या काळाला ते भरपूर होतं. २०१९ मध्ये खुद्द थॉम्पसन यांचा जुना पासवर्ड एका ग्राफिक्स कार्डाने चार दिवसांच्या वर राबून शोधून काढला. तो पासवर्ड म्हणजे बुद्धिबळातली एक खेळी होती. हॅशची पद्धत म्हातारी होते, ती बदलत राहावी लागते, हे यावरून कळावं.

आपल्याकडच्या असंख्य पोर्टलांचं दुखणं मात्र एमडीफाइव्ह हा हॅशचा प्रकार आहे. रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तो रचला तोच वेगवान असावा म्हणून, आणि पासवर्डासाठी नेमका तोच दोष. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत तो एका शब्दात वापरता येई, म्हणून सगळ्यांनी वापरला, बहुतेकांनी सॉल्टशिवाय. आणि हे चालू होतं तेव्हा बीक्रिप्ट आलेलंही होतं! प्रोव्होस आणि मॅझिएर्स यांनी ते १९९९ मध्येच मांडलं. संगणक वेगवान होत जातील तसा आकडा वाढवून हॅश आणखी सावकाश करता येईल, ही त्यातली सोय मला आजही थोर वाटते.

आता ते प्रकरण. एका संस्थेचं सभासदांचं पोर्टल माझ्याकडे आलं. पासवर्डाचा कॉलम उघडला की मी आधी अक्षरं मोजते. इथे एकाच कॉलममध्ये १३, ३२, ४० आणि ६० अक्षरी हॅश निघाले: युनिक्सची जुनी पद्धत, एमडीफाइव्ह, शा-वन आणि बीक्रिप्ट. दर काही वर्षांनी कोणीतरी सुधारणा केली होती आणि जुनं तसंच ठेवलं होतं. ३२ अक्षरी ओळींमध्ये ‘ई१०एडीसी३९’ अशी सुरुवात पुन्हा पुन्हा दिसत होती. हा ‘१२३४५६’चा एमडीफाइव्ह. या धंद्यातली माणसं तो नजरेनेच ओळखतात, त्यासाठी काही फोडावं लागत नाही.

बदल करण्याचे मार्ग दोन. पहिला सर्वमान्य: सभासद लॉगिन करेल तेव्हा खरा पासवर्ड क्षणभर हाती येतो, तेवढ्यात नवा हॅश काढून जुना पुसायचा. दुसरा, माझ्या आग्रहाचा: कोणाची वाट न पाहता सगळे जुने हॅश हेच जणू पासवर्ड आहेत असं धरून त्यांच्यावर एका रात्रीत बीक्रिप्ट चढवायचं आणि उघडे हॅश नष्ट करायचे. सभासद पुढे आला की आतला थर काढून टाकायचा.

पहिल्या मार्गात जे येतात तेच सुरक्षित होतात. या पोर्टलवर निम्म्याहून जास्त सभासद कित्येक वर्षांत फिरकलेले नव्हते. कोणी परदेशी गेलं, कोणी वारलं, बाकीचे पोर्टल आहे हेच विसरले. कार्यालयातले साहेब म्हणाले, “मॅडम, जे येतच नाहीत त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांच्या खात्यात काहीच नाही.” खात्यात नसेल हो, पण तोच पासवर्ड त्यांच्या ईमेलला असतो, बँकेला असतो. चोराला तुमच्या पोर्टलमध्ये शिरायचंच नसतं. आणि वाट पाहताना काय होतं ते याहूला विचारा. २०१३च्या उन्हाळ्यात त्यांनी बीक्रिप्टकडे जायला सुरुवात केली आणि त्याच ऑगस्टमध्ये चोरी झाली. तीनशे कोटी खाती, एमडीफाइव्हसकट.

माझ्या मार्गावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. आतला हॅश सॉल्टविना असेल तर चोर इतरत्र फुटलेल्या याद्यांतले एमडीफाइव्ह थेट बीक्रिप्टवर ताडून बघू शकतो आणि जुळला की फक्त आतला, सोपा हॅश फोडतो. मान्य. त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक गुप्त किल्ली मिसळायची आणि ती डेटाबेसबाहेर, वेगळ्या सर्व्हरवर ठेवायची. फेसबुकने आपल्या जुन्या एमडीफाइव्हवर असेच थरावर थर चढवल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं. तरुण सहकारी म्हणतात, थर चढवणं हे ठिगळ आहे. ठिगळच आहे, पण ते आज रात्री लागतं.

जुनं बाजूला राहू दिलं तर काय होतं, हे अ‍ॅश्ली मॅडिसन या संकेतस्थळाच्या २०१५ च्या फुटीत दिसलं. त्यांचं बीक्रिप्ट उत्तम होतं. पण शेजारच्या एका कॉलममध्ये पासवर्डाची सगळी अक्षरं लहान लिपीत करून काढलेला एमडीफाइव्ह उरला होता. अभ्यासकांनी बीक्रिप्ट थेट न फोडता तिथून एक कोटी दहा लाखांहून जास्त पासवर्ड मिळवले.

बारकावे दोन्ही मार्गांत असतात. युनिक्सची १३ अक्षरी पद्धत पासवर्डाची पहिली आठच अक्षरं बघते. सभासदाने नववं अक्षर चुकवलं तरी जुना हॅश त्याला आत घेतो आणि आपण त्या चुकीसकट नवा हॅश करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी बरोबर पासवर्ड टाकूनही बिचाऱ्याला प्रवेश नाही, आणि कार्यालय सांगतं, “तुम्हीच विसरला असाल.” मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्यांचे हाल आणखी निराळे. ‘वऱ्हाड’मधला ऱ संगणकात एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र-खाली-नुक्ता म्हणूनही. दिसायला एकच, हॅश दोन. बीक्रिप्ट ७२ बाइटच्या पुढे पाहत नाही आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून २४ चिन्हांपुढे लिहिलेली ओवी वाया. इंग्रजीत सुचवतात तसा लांब वाक्याचा पासवर्ड मराठी माणसाने ठेवला तर वाक्याचा बराच भाग मोजलाच जात नाही. याकडे इथल्या कंपन्यांनी लक्ष द्यावं म्हणून मी सतत बोलत आले आहे.

संस्थेने शेवटी लॉगिनची वाट पाहण्याचा मार्ग निवडला. झोपलेली खाती ‘ऑडिटसाठी’ जशीच्या तशी ठेवली. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे आणि काम संपलेली माहिती पुसायचीही तरतूद आहे, हे मी लेखी कळवलं. उत्तर आलं की वकिलांचा सल्ला घेऊ. तो अजून घेतला जातोय आणि ‘ई१०एडीसी३९’च्या ओळी अजून तिथे आहेत.

त्यानंतर मी माझ्या करारात एक कलम घातलं. पहिल्या आठवड्यात सगळ्या जुन्या हॅशवर थर चढेल, बॅकअपमधले उघडे हॅशही नष्ट होतील आणि दोन वर्षं न आलेल्या खात्यांचा पासवर्ड पुसून त्यांना फक्त ओटीपीने परत येता येईल. हे मान्य नसेल तर ते काम मी घेत नाही. आतापर्यंत दोन संस्थांनी सही केली आहे. तिसरी विचारते आहे की बॅकअपचं वाक्य गाळलं तर चालेल का. चालणार नाही.